बिल्डचं बटण कोणाच्या हाती?

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या अनेक सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांचं यूपीआय चालेनासं झालं. किराणा दुकानात शेजारी उभ्या असलेल्याचे पैसे जात होते, यांचे जात नव्हते. अ‍ॅप तेच, नेटवर्क तेच, खात्यात शिल्लकही होती. मग घोडं अडलं कुठे?

छोट्या बँकांना तंत्रज्ञानाचा सगळा पसारा स्वतः उभारणं परवडत नाही, म्हणून त्या ही सेवा बाहेरून घेतात. स्टेट बँक आणि टीसीएस यांनी मिळून काढलेली सी-एज टेक्नॉलॉजीज ही अशी सेवा देणारी कंपनी. तिच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला असावा असं दिसताच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या संस्थेनं, खबरदारी म्हणून तिची जोडणी तोडली. तिच्याबरोबर सुमारे ३०० छोट्या बँकाही बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

पुढे बंगळुरूच्या क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीनं हल्ल्याचा माग काढला. तो सी-एजच्या दारात थांबला नाही. तिच्याबरोबर काम करणाऱ्या ब्रॉन्टू टेक्नॉलॉजी सोल्युशन्स या कंपनीच्या एका सर्व्हरपाशी जाऊन पोचला. त्या सर्व्हरवर जेनकिन्स नावाची प्रणाली होती, तिची मांडणी सदोष होती आणि हल्लेखोर तिथूनच आत शिरले, असा क्लाउडसेकचा निष्कर्ष आहे.

गंमत अशी की जेनकिन्स पैशाचा एकही व्यवहार करत नाही. खातेदारांच्या नोंदीही तो ठेवत नाही. मग चोरांना त्याच्यात एवढा रस का?

जेनकिन्स करतो काय

बँकेचं अ‍ॅप घ्या नाहीतर रेल्वेच्या तिकिटांची वेबसाइट, त्यांत सतत बदल चालू असतात. एखादी प्रोग्रामर दुपारी कोडच्या चार ओळी बदलते. त्या चार ओळी तुमच्या मोबाइलपर्यंत पोचण्याआधी बरंच काही व्हावं लागतं. सगळ्यांचा कोड एकत्र आणायचा, त्याचा चालता प्रोग्राम बनवायचा, शेकडो चाचण्या घ्यायच्या, त्या पार पडल्या तर नवी आवृत्ती सर्व्हरवर नेऊन बसवायची आणि काही फसलं तर संबंधितांना मेल धाडायचा. हे सगळं हातानं करायचं तर अर्धा दिवस जातो, आणि घाईच्या वेळी एखादी पायरी हमखास राहते.

म्हणून हे काम यंत्रावर सोपवतात. अशा यंत्राला ऑटोमेशन सर्व्हर म्हणतात. त्यांतला जेनकिन्स फुकट मिळतो, मुक्तस्रोत आहे आणि जगभर वापरला जातो. त्याच्या भाषेत कामांची एक साखळी म्हणजे जॉब, आणि जॉब एकदा चालवणं म्हणजे बिल्ड. पडद्यावर जॉबपाशी एक बटण असतं. ते दाबलं की साखळी सुरू. बऱ्याच ठिकाणी तेही दाबावं लागत नाही. नवा कोड जमा झाला की जेनकिन्स आपणहून कामाला लागतो.

आता खरी मेख. कोड उचलायचा तर कोडच्या भांडाराचा पासवर्ड हवा. नवी आवृत्ती सर्व्हरवर बसवायची तर सर्व्हरची एसएसएच की हवी. डेटाबेसचा पासवर्ड हवा, क्लाउडच्या खात्याची किल्ली हवी, मोबाइल अ‍ॅपवर कंपनीची डिजिटल सही करायची तर ती सहीही हवी. हे सगळं जेनकिन्सच्या पोटात 'क्रेडेन्शियल्स' या नावाखाली साठवलेलं असतं. कंपनीच्या मालकाकडेही नसतात एवढ्या किल्ल्या या एका यंत्राकडे असतात. चोराला तिजोरी नको असते. तिजोऱ्यांच्या किल्ल्या जिथे टांगल्या आहेत तो खुंटा त्याला हवा असतो.

कोठीवरची मावशी

लग्नघरात कोठीवर एखादी खमकी मावशी बसवतात. साखर, तूप, काजू-बदाम, आहेराच्या साड्या, सगळं तिच्या ताब्यात. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. ती स्वतःच्या मनानं काही करत नाही. चिठ्ठी आली की चिठ्ठीत लिहिलंय ते काढून देते.

जेनकिन्स म्हणजे ही मावशी. तिच्या बाबतीत तीन प्रश्न उरतात. चिठ्ठी घेऊन आलेला माणूस खरंच आपल्यातला आहे का? चिठ्ठी आणून द्यायची मुभा कोणाला? आणि चिठ्ठी लिहायची मुभा कोणाला? पहिल्या प्रश्नाला सगळे भरपूर वेळ देतात, दुसऱ्याला थोडा. तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते घात तिथेच होतो.

आधी ओळख

पहिला प्रश्न ओळख पटवण्याचा, म्हणजे ऑथेंटिकेशनचा. जेनकिन्समध्ये या भागाला सिक्युरिटी रिअल्म म्हणतात. इथे मुख्यतः दोन वाटा आहेत. एक, जेनकिन्सनं स्वतःच वापरकर्त्यांची यादी आणि पासवर्ड ठेवायचे. दुसरी, ओळख पटवायचं काम कंपनीच्या मध्यवर्ती यादीकडे सोपवायचं, मग ती एलडॅप असो, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असो, नाहीतर एकाच लॉगिननं सगळीकडे जाण्याची सोय.

पहिली वाट सोपी वाटते, पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा विचार करा. मध्यवर्ती यादीतून त्याचं नाव काढलं की मेल बंद, व्हीपीएन बंद, सगळं बंद. जेनकिन्सची यादी वेगळी असेल तर तिथलं खातं तसंच जिवंत राहतं, कारण तिथून ते काढायची आठवण कोणाला होत नाही. तीन-चार माणसांचा चमू असेल तर जेनकिन्सची स्वतःची यादी चालेल. त्यापुढे मध्यवर्ती यादीच बरी.

जेनकिन्सच्या स्वतःच्या यादीबरोबर एक चौकोन येतो: 'वापरकर्त्यांना स्वतःचं खातं उघडू द्या'. त्यावर खूण केली तर कोणीही नाव-पासवर्ड टाकून आत येऊ शकतो. त्याच्या जोडीला, खाली अधिकारांच्या भागात 'लॉगिन केलेल्यांना सर्व काही करता येईल' हा पर्याय निवडला असेल तर रस्त्यावरचा माणूस मिनिटभरात सर्वाधिकारी होतो. दोन्ही पर्याय स्वतंत्रपणे वाचले तर निरुपद्रवी वाटतात. एकत्र आले की कुलूप नुसतं शोभेचं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये २.० आवृत्ती येईपर्यंत नव्यानं बसवलेला जेनकिन्स सताड उघडाच असायचा. कोणीही यावं, काहीही करावं. २.० पासून बसवताना तो एक लांबलचक पासवर्ड तयार करतो आणि सर्व्हरवरच्याच एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. ब्राउझरमध्ये पहिल्यांदा पान उघडलं की तो पासवर्ड मागतो. ज्याला सर्व्हरच्या आत शिरून ती फाइल वाचता येते तोच यंत्राचा धनी, असं हे साधं तर्कशास्त्र. पण जुन्या आवृत्तीवरून वर चढवत आणलेल्या सर्व्हरवर जुनीच मांडणी राहू शकते, हे विसरू नये.

खुणांचा तक्ता

ओळख पटली. आता कोणाला काय करू द्यायचं? याला ऑथरायझेशन म्हणतात. जेनकिन्समध्ये त्याचे दोन-तीन ढोबळ पर्याय आहेत, त्यांतला 'कोणालाही काहीही' हा अजूनही यादीत दिसतो, आणि तो का ठेवलाय हे मला कळलेलं नाही. कामाचा पर्याय म्हणजे मॅट्रिक्स.

मॅट्रिक्स म्हणजे पडद्यावरचा मोठा तक्ता. आडव्या ओळींत माणसं आणि गट, उभ्या रकान्यांत अधिकार. चौकोनावर खूण असेल तर अधिकार आहे, नसेल तर नाही. 'नाही म्हणजे नाही' अशी वेगळी खूण इथे नसते. एखादा माणूस दोन गटांत असेल तर दोन्हीकडचे अधिकार त्याच्या पदरात पडतात. अगदी वरच्या दोन ओळी जेनकिन्स स्वतःच घालतो: एक 'अनामिक', म्हणजे लॉगिन न केलेलं सारं जग, आणि दुसरी 'लॉगिन केलेले सगळे'. तक्ता तपासायचा तर नजर आधी या दोन ओळींवर गेली पाहिजे. तिथे चुकून पडलेली एक खूण खालच्या सगळ्या काटेकोरपणावर पाणी फिरवते.

रकान्यांतले अधिकार बारीक कातरलेले असतात. जॉब बघणं वेगळं, चालवणं वेगळं, मधेच थांबवणं वेगळं, त्याची मांडणी बदलणं वेगळं, पुसून टाकणं वेगळं. 'डिस्कव्हर' नावाचा एक गमतीदार अधिकारही आहे. जेनकिन्समध्ये शिरता येतं पण अमुक जॉब बघायचा हक्क नाही आणि हा 'डिस्कव्हर'ही नाही, अशा माणसानं त्या जॉबचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर जेनकिन्स 'तुम्हाला परवानगी नाही' असं सांगत नाही. असं काही पानच नाही, असं सांगतो. 'परवानगी नाही' म्हटलं तर त्या नावाचा जॉब आहे एवढं तरी कळतं, आणि न जाहीर झालेल्या प्रकल्पाचं नाव हीसुद्धा बातमी असते.

जॉब दोन-चारशे झाले की एवढा तक्ता माणसाच्या आवाक्यात राहत नाही. मग जॉब फोल्डरांत वाटायचे आणि अधिकार फोल्डरावर द्यायचे. चाचणीच्या फोल्डरात प्रोग्रामरना मोकळं रान, प्रत्यक्ष ग्राहकांपर्यंत जाणाऱ्या फोल्डरात फक्त दोघा-तिघांना प्रवेश. किल्ल्याही फोल्डरागणिक वेगळ्या ठेवता येतात, आणि हे तर करावंच. चाचणीच्या जॉबला खऱ्या डेटाबेसची किल्ली दिसतच नसेल तर ती तिथून पळणार कशी?

जेनकिन्सला वरून जोडायचं, भूमिकांवर आधारलेलं एक प्लगइनही लोकप्रिय आहे. त्यात 'ज्या जॉबचं नाव पेमेंटनं सुरू होतं ते सगळे या भूमिकेला' असे नमुने लिहिता येतात. सोय मोठी आहे, पण उद्या कोणी 'पेमेंट-प्रॉडक्शन' नावाचा नवा जॉब काढला तर तोही मुकाट्यानं त्या नमुन्यात बसतो. नावं ठेवण्याची शिस्त नसेल तर या वाटेला जाऊ नये.

'बघू तर द्या' किती महाग पडतं

बघण्याचा अधिकार सगळ्यांत निरुपद्रवी, असा सर्वसाधारण समज. २४ जानेवारी २०२४ ला जेनकिन्सच्या सुरक्षा चमूनं सीव्हीई-२०२४-२३८९७ या क्रमांकाची एक त्रुटी जाहीर केली, तिनं हा समज पार खोटा ठरवला.

जेनकिन्सला ब्राउझरशिवाय, टाइप केलेल्या आज्ञांमधूनही कामं सांगता येतात. त्या आज्ञा समजून घेण्यासाठी त्यानं बाहेरची एक लायब्ररी वापरली होती. तिला एक सवय होती. आज्ञेत 'अ‍ॅट द रेट'चं चिन्ह आणि त्यामागे एखाद्या फाइलचा पत्ता आला की ती फाइल उघडून तिच्यातला मजकूर आज्ञेच्या जागी भरायची. लांबलचक आज्ञा फाइलमध्ये लिहून ठेवता याव्यात म्हणून केलेली ही सोय. पण फाइल उघडली जायची ती जेनकिन्सच्या सर्व्हरवरची, आणि 'हे काय भलतंच लिहिलंय' अशी जी चूक उलट कळवली जायची, तिच्यात फाइलमधला मजकूर जसाच्या तसा असायचा. म्हणजे दूर बसलेल्या माणसाला सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या.

किती वाचता येत होत्या हे मात्र खुणांच्या तक्त्यावर ठरत होतं. कसलाच अधिकार नसलेल्याला फाइलच्या सुरुवातीच्या काही ओळी मिळायच्या. ज्याच्याकडे 'ओव्हरऑल रीड', म्हणजे निव्वळ जेनकिन्स बघण्याचा अधिकार होता, त्याला अख्खी फाइल. 'नुसतं बघायचंय, बघू द्या' म्हणत ज्यांनी अनामिक ओळीत ती एक खूण केली होती, त्यांनी साऱ्या जगाला अख्ख्या फाइली वाचायला दिल्या. भोक जेनकिन्सनं पाडलं, पण ते केवढं मोठं व्हावं हे सर्व्हर चालवणाऱ्याच्या खुणेनं ठरवलं.

क्लाउडसेकच्या अहवालात ब्रॉन्टूच्या सर्व्हरबाबत याच त्रुटीचा उल्लेख आहे. दुरुस्त आवृत्ती जानेवारीतच निघाली होती. बँकांचं यूपीआय थांबलं जुलैच्या अखेरीस.

चिठ्ठी आणणारा आणि चिठ्ठी लिहिणारा

आता तिसरा प्रश्न. जॉब चालवायचा अधिकार म्हणजे ठरलेली चिठ्ठी मावशीकडे नेऊन देणं. त्यातून फार तर नको त्या वेळी काम सुरू होईल. जॉबची मांडणी बदलायचा अधिकार, 'कॉन्फिगर', म्हणजे चिठ्ठी लिहिणं. चिठ्ठी लिहिणारा मावशीला काहीही सांगू शकतो, त्यात 'तुझ्या किल्ल्या मला दे' हेही आलं.

यावर अनेकांचं उत्तर ठरलेलं असतं: 'जेनकिन्स पासवर्ड झाकतो की!' खरं आहे. बिल्डच्या नोंदीत पासवर्ड आला तर त्या जागी तो चार तारका छापतो. पण ही झाकपाक हुबेहूब तेवढीच अक्षरं शोधून केलेली असते. जॉबमध्ये एक ओळ घालून पासवर्डच्या प्रत्येक अक्षरानंतर एक मोकळी जागा सोडली की जेनकिन्सला तो ओळखू येत नाही आणि नोंदीत सगळा पासवर्ड छापून येतो. तारका आहेत त्या अनवधानानं होणाऱ्या गळतीसाठी. मुद्दाम चोरणाऱ्यापुढे त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून ज्याला कॉन्फिगर दिलंय त्याला त्या जॉबच्या सगळ्या किल्ल्या दिल्या, असाच हिशेब धरावा.

आणि आता तर चिठ्ठी बऱ्याचदा जेनकिन्सच्या पडद्यावर लिहिली जात नाही. जॉबच्या पायऱ्या 'जेनकिन्सफाइल' नावाच्या फाइलमध्ये लिहून ती कोडबरोबरच ठेवायची, अशी रीत आहे. रीत चांगली आहे, प्रत्येक बदलाची नोंद राहते. पण मग तक्त्यात ज्याला फक्त 'चालवा' आणि 'बघा' एवढ्याच खुणा आहेत, तो प्रोग्रामर कोडच्या भांडारात जाऊन ती फाइल बदलू शकत असेल तर? त्याच्या हातात कॉन्फिगरची सत्ता आली, आणि जेनकिन्सच्या तक्त्यात ती कुठे दिसतही नाही. तेव्हा जेनकिन्सचा निम्मा बंदोबस्त जेनकिन्सच्या बाहेर, कोडच्या भांडारात करावा लागतो. मुख्य शाखेत दुसऱ्या कोणाच्या तपासणीशिवाय बदल जाऊ नये, आणि परक्या माणसानं सुचवलेल्या बदलातली जेनकिन्सफाइल वापरलीच जाऊ नये, अशा दोन्ही सोयी उपलब्ध आहेत.

कामं कुठे चालतात तेही बघावं. जेनकिन्सच्या मुख्य यंत्रावरच बिल्ड चालत असतील तर बिल्डमधल्या आज्ञेला त्या यंत्रावरच्या फाइली दिसतात, आणि साठवलेले पासवर्ड उलगडायची मूळ किल्ली त्याच फाइलींत असते. म्हणून मुख्य यंत्रावर एकही बिल्ड चालू देऊ नये. 'एजंट' म्हणून वेगळी यंत्रं जोडून ती कामं तिकडे पाठवावीत.

| चौकट : हडसनचा जेनकिन्स |
|---|
| सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या कोहसुके कावागुची यांनी २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्याचं नाव हडसन होतं. आपण जमा केलेला कोड मोडतोय की चालतोय, हे माणसाऐवजी यंत्रानं तपासावं एवढाच उद्देश. २०१० मध्ये ऑरेकलनं सन विकत घेतली आणि हडसन या नावाच्या मालकीवरून वाद झाला. जानेवारी २०११ मध्ये मतदान घेऊन प्रकल्प जेनकिन्स या नावानं वेगळा झाला. त्याच्या बोधचिन्हात बो-टाय लावलेला बटलर दिसतो. |

सर्वाधिकारी किती असावेत

'अ‍ॅडमिनिस्टर' हा अधिकार बाकी सगळे अधिकार गिळून बसतो. त्यातली सगळ्यांत धारदार वस्तू म्हणजे स्क्रिप्ट कन्सोल. ही एक रिकामी चौकट. तिच्यात ग्रूव्ही भाषेत काहीही लिहावं आणि जेनकिन्सनं ते स्वतःच्या सगळ्या ताकदीनिशी करावं. साठवलेले पासवर्ड उलगडून छापणं हे तिथे चार-पाच ओळींचं काम. पूर्वी स्क्रिप्ट चालवणं आणि प्लगइन चढवणं असे छोटे वाटणारे अधिकार वेगळे देता यायचे. ते दिले म्हणजे सगळंच दिलं हे लक्षात आल्यावर २०२० मध्ये जेनकिन्सनं ते मोडीत काढले.

म्हणून सर्वाधिकारी दोन-तीनच असावेत. एकच नको, कारण तो रजेवर गेला की काम अडतं आणि मग पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो. दुसऱ्या प्रणालींना जेनकिन्सशी बोलायचं असेल तर माणसाचा पासवर्ड देऊ नये, एपीआय टोकन द्यावं. प्रत्येक कामाला वेगळं टोकन काढता येतं आणि एखादं फुटलं तर तेवढंच रद्द करता येतं.

तक्ता बदलताना स्वतःच्या ओळीतली अ‍ॅडमिनिस्टरची खूण विसरून 'सेव्ह' दाबणारे काही कमी नाहीत. मग आपणच बाहेर. अशा वेळी सर्व्हरच्या आत जाऊन जेनकिन्सच्या मुख्य मांडणीच्या फाइलमध्ये सुरक्षेपुढचं 'ट्रू' खोडून 'फॉल्स' लिहायचं आणि जेनकिन्स पुन्हा सुरू करायचा. सगळी कुलपं गळून पडतात. मग तक्ता नीट लावून ती पुन्हा घालायची. या सोयीचा अर्थही लक्षात घ्यावा. तो सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यापुढे तक्त्यातल्या खुणांना किंमत नाही. जेनकिन्सच्या वापरकर्त्यांइतकीच त्या यंत्रावर थेट लॉगिन करणाऱ्यांची यादीही छाटावी लागते.

तुमच्या कचेरीत जेनकिन्स असेल तर आजच ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, लॉगिन न करता त्याचा पत्ता टाका आणि काय दिसतं ते बघा. नुसतं लॉगिनचं पान आलं तर ठीक. जॉबची यादी दिसली तर कशालाही हात न लावता तुमच्या अ‍ॅडमिनला फोन करा, आणि त्यांना पानाच्या तळाशी लिहिलेला आवृत्तीचा क्रमांकही बघायला सांगा. दीर्घ मुदतीच्या मालिकेत २.४२६.३ आणि साप्ताहिक मालिकेत २.४४२ यांच्या आधीचा आकडा असेल तर वरची फाइल वाचणारी त्रुटी त्यात अजून आहे.